सहा जणांत एक मासा

लहानपणी वेंगुर्ल्याला आम्ही भावंडं पेरू वाटून खायचो तो फ्रॉकच्या टोकात धरून. पेरूवर फ्रॉकचं कापड घ्यायचं आणि कापडावरून चावा मारायचा, मग तो तुकडा उष्टा होत नाही, तो चिमणीच्या दातांनी तोडलेला होतो. थुंकी कापडाला लागते, पेरूला नाही, असं त्यामागचं शास्त्र. ते कापड सकाळपासून कुठेकुठे पुसलं गेलंय हा प्रश्न त्या शास्त्रात येत नव्हता.

हे आत्ता आठवायचं कारण म्हणजे मागच्या शनिवारी इथे अमेरिकेत फ्रीमॉन्टला आम्ही सहा जण एका सिचुआन, म्हणजे चीनच्या त्या प्रांतातल्या जेवणाच्या, हॉटेलात जेवायला गेलो होतो, आणि मासा टेबलावर येऊन मिनिटही झालं नसेल तर माझ्या चेंगडूच्या, म्हणजे सिचुआनच्या राजधानीतल्या, मैत्रिणीने स्वतःच्या चॉपस्टिक्सनी, म्हणजे ज्या आत्ता दोन सेकंदांपूर्वी तिच्या तोंडात जाऊन आल्या होत्या त्याच, माशाच्या गालाचा लुसलुशीत तुकडा उचलला आणि माझ्या वाटीत ठेवला. गालाचा तुकडा म्हणजे अख्ख्या माशातला सगळ्यात चांगला घास, हे वेंगुर्ल्याच्या बाईला कुणी सांगायला नको. पण मी तो खाल्ला नाही लगेच. बघत बसले. कानात आजीचा आवाज, अगदी स्पष्ट, "उष्टं ते, ठेव खाली."

आमच्या आजीकडे उष्टं-खरकटं म्हणजे पीनल कोड होता. जेवताना उजवा हात उष्टा, त्यामुळे काही घ्यायचं झालं तर डाव्याने. वाढताना पळी ताटाला टेकली की पळी उष्टी, ती परत टोपात जाणार नाही. पाणी वरून प्यायचं, तांब्याला ओठ लागता कामा नये. माझी एक मावसबहीण मुंबईहून आली होती तिने एकदा बरणीतल्या लोणच्यात जेवतं बोट घातलं, तर आजीने अख्खी बरणी बाजूला काढली, आणि ती बरणी नंतर फक्त त्या मावसबहिणीलाच वाढण्यात आली, मे महिना संपेपर्यंत. आणि हीच आजी आजोबांचं जेवण झालं की त्यांच्याच ताटात, त्यांच्या उरलेल्या आमटीवर भात घेऊन जेवायला बसायची. ते उष्टं चालायचं. मी एकदा विचारलं होतं, तर म्हणाली, तुला काय कळतंय त्यातलं. मला अजूनही कळलेलं नाही.

तर माणसं सांगते. मी आणि नवरा. नवरा कोल्हापूरचा, हे त्याने टेबलावर बसल्यावर दोन मिनिटांत सगळ्यांना सांगून झालं. नागपूरकर आणि वहिनी, वहिनी पूर्ण शाकाहारी आणि वर गणपती होऊन गेले तरी त्यांचा चातुर्मास कार्तिकीपर्यंत, म्हणजे कांदा-लसूणही बंद. आमची चेंगडूकर, म्हणजे माझ्या टीममधली मैत्रीण, तिला मी एकदा आपल्याकडे गावावरून आडनावं असतात असं सांगितलं तेव्हापासून ती स्वतःच स्वतःला चेंगडूकर म्हणवते. आणि तिचा नवरा, तो दक्षिण चीनमधल्या ग्वांगडाँगचा, बायोटेकमध्ये आहे, आणि त्याला तिखट अजिबात चालत नाही. लग्न कसं टिकलं हा प्रश्न टेबलावर सगळ्यांच्याच मनात आला. आई सध्या सहा महिन्यांसाठी इथे आलीय, तिला चल म्हटलं तर म्हणाली, तुम्ही जा, मी माझी पेज करून घेते.

हॉटेल म्हणजे काय तर स्ट्रिप मॉलमधला एक गाळा, एका बाजूला लाँड्री, दुसऱ्या बाजूला दातांचा दवाखाना. आत गोल टेबलं आणि त्यावर काचेची फिरती चकती. मेनू चौदा पानी. आणि इथे आम्ही आपल्या सवयीने चूक करायला निघालो होतो, म्हणजे प्रत्येकाने एकेक मेनू उचलला आणि "तू काय घेतोयस, मी हे घेतो" सुरू झालं. चेंगडूकरने शांतपणे सगळे मेनू गोळा केले आणि स्वतःच्या मांडीवर ठेवले. म्हणाली, इथे कुणी स्वतःसाठी मागवत नाही, टेबलासाठी मागवतात. मग तिने चौकशी सुरू केली, अगदी लग्नाच्या आचाऱ्याने करावी तशी. बीफ कोण खात नाही? तीन हात. पोर्क? अजून एक. लसूण? वहिनी.

मला वाटलं लसणावर गाडी अडणार. पण ऑर्डर घ्यायला आलेल्या बाईंनी, साठीच्या पुढच्या असतील, पॅडवरून मान वर न करता विचारलं, अंडं चालतं? कांद्याची पात? वहिनी चाट. त्यांना या देशात "नो गार्लिक" म्हणजे ॲलर्जी एवढंच समजणारी माणसं भेटलेली. चिनी बौद्धांमध्येही कांदा, लसूण वगैरे पाच उग्र गोष्टी वर्ज्य असतात, त्यामुळे बाईंना हा प्रकार रोजचा. चिनी भाषेत मांसाहाराला 'हुन' म्हणतात, ते अक्षर मुळात असल्याच उग्र वासाच्या भाज्यांसाठीचं आहे आणि त्याच्या डोक्यावर आजही गवताची खूण आहे, हे चेंगडूकरने पेपर नॅपकिनवर काढून दाखवलं. वहिनींनी तो नॅपकिन घडी करून पर्समध्ये ठेवला.

मग ऑर्डर. तिचा हिशोब असा की कुठल्याही दोन डिशची चव सारखी असता कामा नये. सिचुआनमध्ये म्हणच आहे, शंभर पदार्थ तर शंभर चवी, आणि तिकडचे आचारी चवींचे चोवीस प्रकार मोजतात, त्यातले कित्येक अजिबात तिखट नसतात. एक गार, एक गरम, एक तळलेलं, एक रस्सा, एक पालेभाजी अगदी साधी, एक सूप ज्यात काहीच नाही असं वाटावं. मला आपलं ताट आठवलं, डावी बाजू उजवी बाजू, चटणी, कोशिंबीर, पुरण. फरक एवढाच की आपल्याकडे हा सगळा विचार एका माणसाच्या ताटात मांडलेला असतो, इथे तो टेबलाच्या मधोमध, आणि एकट्या माणसाला तो मागवताच येत नाही. एकटा माणूस फार तर नूडल्स खाऊन येईल.

पदार्थ आपापल्या वेळेने येतात, कढईतून उतरेल तसे. स्टार्टर मग मेन कोर्स असं काही नाही. आधी ठेचलेली काकडी आली, मग गार कोंबडी लाल तेलात, तिचं चिनी नाव म्हणजे शब्दशः 'लाळ-कोंबडी', मग वांगी. वांग्याच्या डिशचं नाव 'माशाच्या वासाची' आणि त्यात मासा नसतोच, माशाला जो मसाला लावतात तो वांग्याला लावलेला, लोणच्यातली मिरची, आलं, लसूण, साखर, व्हिनेगर. मग मापो टोफू, वहिनींसाठी खिम्याशिवाय आणि लसणाशिवाय. हा पदार्थ एकोणिसाव्या शतकातल्या चेंगडूच्या एका खानावळवाल्या बाईंच्या नावावर आहे, त्यांच्या तोंडावर देवीचे व्रण होते म्हणून 'मापो', व्रणवाली म्हातारी. बिचारीच्या हातची चव जगभर गेली आणि नावात राहिले ते व्रण. आणि गंमत म्हणजे ते व्रणांचं 'मा' आणि जिभेला मुंग्या येतात त्याचं 'मा' हे एकच अक्षर आहे.

मुंग्यांवर येते.

कोंबडीची एक डिश आली, मोठ्या थाळीत लाल सुक्या मिरच्यांचा ढीग, आणि त्यात कुठेतरी बोराएवढे कोंबडीचे तुकडे. आमच्या कोल्हापूरकराने ढीग बघितला आणि बाह्या सावरल्या. "हे काय तिखट हाय व्हय," असं म्हणून एक अख्खी मिरचीच चावली. नागपूरकर कसा गप्प बसणार, तांबडा रस्सा मोठा की सावजी मोठं हे भांडण यांचं दहा वर्षांचं, त्यानेही एक उचलली. चेंगडूकर कपाळाला हात लावून म्हणाली, अरे मिरच्या खायच्या नसतात, त्यातून कोंबडी शोधायची असते! तिच्याकडेही हे भांडण आहे म्हणे, सिचुआन, हुनान आणि ग्वेजो अशा तीन प्रांतांचं, एक तिखटाला घाबरत नाही, दुसऱ्याला तिखटाची भीती नाही, तिसऱ्याला तिखट नसेल तर भीती वाटते. तेच तीन शब्द फिरवून फिरवून. कुठला प्रांत कुठल्या नंबरला हे सांगणाऱ्याच्या गावावर अवलंबून.

तर तिखट दोघांनी पचवलं, अगदी आरामात. अडकले ते दुसऱ्याच गोष्टीत. मिरच्यांमध्ये फुटलेल्या बोंडासारखी तपकिरी, मिऱ्याएवढी फळं होती, ती मिरचीबरोबर चावली गेली. अर्ध्या मिनिटाने आमचा नवरा बोलायचा थांबला. ही घटनाच मुळात दुर्मिळ. मग म्हणाला, "काहीतरी झालंय, ओठ कुठं गेले?" पाणी प्यायला तर म्हणे पाणी वेगळंच लागतंय. लहानपणी रेडिओची चौकोनी बॅटरी जिभेला लावून बघायचो ना, अजून करंट आहे का, तसं अख्ख्या तोंडात. नागपूरकर हसायला गेला आणि त्यालाही तेच. बायोटेकवाले समोरून निवांत म्हणाले की लंडनच्या शास्त्रज्ञांनी २०१३ साली हे मोजलंय, ओठांवर हे फळ लावायचं आणि बोटाला कंप देणारं यंत्र लावायचं, दोन्ही सारखंच वाटतंय अशी जागा शोधायची, तर आकडा आला साधारण ५० हर्ट्झ. आपल्याकडची घरातली वीजही ५० हर्ट्झची. म्हणजे थेट एमएसईबीचं कनेक्शन जिभेला, मी म्हटलं, आणि हे विनोद चिनी जोडप्याला समजावून सांगायला पाच मिनिटं गेली.

मी मात्र ते फळ उचलून नाकाशी नेलं आणि माझं हसणं थांबलं. हा वास मला माहीत होता. तिरफळ! बांगड्याच्या आमटीतलं तिरफळ. अगदी तेच नाही, आपलं जास्त रानटी, लिंबाच्या सालीसारखं आणि जरा उग्र, हे नाजूक, फुलासारखं. पण भाऊबंद नक्की. आणि आहेतच ते भाऊबंद, एकाच कुळातली दोन झाडं, सिचुआनमधलं आणि कोकणातलं. इंग्रजीत त्या फळाला 'सिचुआन पेपर' म्हणतात, पण मिऱ्याशी काही संबंध नाही, हे घराणं लिंबाचं, कढीपत्ताही त्यातलाच. आमच्या मागच्या परसात तिरफळाचं झाड होतं, खोडावर बोटाच्या पेराएवढे जाड टोकदार काटे, आम्ही कुणी त्याच्या वाटेला जायचो नाही. फळ सुकून फुटलं की आतली काळी बी टाकून द्यायची, ती कचकच लागते, नुसती टरफलं घ्यायची. चेंगडूकर म्हणाली तिकडेही तसंच, बी टाकायची.

मग आठवलं की आयुष्यभर आपण जे शेजवान शेजवान म्हणून, म्हणजे या सिचुआनच्याच नावाने, खाल्लं, शेजवान राइस, शेजवान डोसा, गाडीवरची ती लालभडक चटणी, त्यात हे फळच नसतं. लसूण, मिरची, व्हिनेगर, टोमॅटो सॉस. माझी त्याला काही हरकत नाही, मी दादरला उतरले की पहिली तीच खाते, पण गाव घेतलं आणि गावदेवी घेतली नाही असला तो प्रकार. आणि ज्या कोकणाच्या परसात त्या फळाचा सख्खा चुलतभाऊ काटे काढून उभा आहे तिथल्या गाड्यांवरही नाही. इथे अमेरिकेतसुद्धा १९६८ पासून २००५ पर्यंत या फळाच्या आयातीवर बंदी होती, कारण तेच, लिंबाच्या घराण्यातलं असल्याने संत्र्या-मोसंब्यांना होणारा कँकर रोग त्याच्यावरून येईल ही भीती. मग फळं तापवून आणायची अट घालून बंदी उठवली.

एवढ्यात मासा आला. अख्खा, दोबानच्या लाल रश्श्यात. दोबान म्हणजे मिरची आणि बाकल्याची डाळ आंबवून केलेली पेस्ट, तिच्यासाठी नावाजलेलं पीशिएन चेंगडूला लागूनच आहे, तिथे मडकी उघड्यावर ठेवतात, ऊन असलं की झाकण काढून ढवळायचं, पाऊस आला की झाकायचं, असं वर्ष-वर्ष. पापड-कुरडयांवर नजर ठेवणाऱ्या आपल्या बायकांना हे लगेच समजेल. बाईंनी थाळी ठेवली, चेंगडूकरने चकती फिरवून माशाचं डोकं माझ्यासमोर आणलं कारण मान पाहुण्याचा, आणि मग तो गालाचा तुकडा माझ्या वाटीत आला, आणि मी बघत बसले, ते सुरुवातीला सांगितलंच.

माझा चेहरा तिच्या नवऱ्याने वाचला असावा. तो स्वतः चॉपस्टिक्स उलट्या करून जाड टोकाने वाढून घेत होता आणि त्याने सगळ्या थाळ्यांसाठी वेगळे चमचेही मागवले होते. म्हणाला, तुला ही फिरती चकती कशासाठी माहितीये? आणि मग त्याने वू लिएन-तेह यांची गोष्ट सांगितली. जन्म पेनांगचा, शिक्षण केंब्रिजचं, डॉक्टर. १९१०-११ मध्ये चीनच्या ईशान्येला मांचुरियात फुप्फुसाचा प्लेग आला (नागपूरकर हळूच, "गोबीवाला मांचुरिया?") तेव्हा साथ आटोक्यात आणणारा माणूस तो, लोकांना कापसा-कापडाचे मास्क लावायला लावणारा. त्याला चिनी जेवणाच्या टेबलाची धास्ती होती, सगळ्यांच्या चॉपस्टिक्स एकाच थाळीत, आणि क्षयरोग घरोघरी. म्हणून १९१५ साली त्याने सुचवलं की टेबलावर फिरती चकती ठेवा, प्रत्येक थाळीत तिचा स्वतंत्र चमचा ठेवा, आपापल्या चॉपस्टिक्स आपापल्या वाटीत. चकती राहिली, चमचा मात्र लोक विसरले. कोविडनंतर चीनमध्ये परत चमच्यांची आणि वाढायच्या वेगळ्या चॉपस्टिक्सची मोहीम निघाली होती.

मी म्हटलं, म्हणजे माझी आजी आणि तुझा डॉक्टर एका मताचे. तो म्हणाला, तुझी आजी बरोबरच होती. चेंगडूकर म्हणाली, बरोबर असेल, पण माझी आजी माझ्या वाटीत काही ठेवायला चमचा शोधायला लागली असती तर मला वाटलं असतं ती रागावलीय.

यावर कुणी काही बोललं नाही. मला पंगत आठवत होती. लाडू घेऊन उभा असलेला काका, आडवा धरलेला हात, "एक तरी", "नको हो", "माझी शपथ", आणि हाताच्या फटीतून ताटात पडलेला लाडू. आग्रह तोच, अगदी तोच, फक्त आपला आग्रह वरून पडतो, चार बोटं अंतर ठेवून. आणि आजोबांच्या ताटात जेवणारी आजी, तिला कुणी आग्रह केलेला मी कधी बघितला नाही. तिच्यापर्यंत पंगत यायची तेव्हा वाढणारं कुणी उरलेलं नसायचं.

गाल खाल्ला मी. मऊ, गोडसर, आणि मागून हळूहळू ५० हर्ट्झ.

त्यानंतर जेवण जोरात झालं. वहिनींचा टोफू सगळ्यांनी मिळून संपवला आणि त्यांना परत मागवून द्यावा लागला. पालेभाजीत नुसतं मीठ आणि तेल, तिच्यावर ग्वांगडाँग आणि चातुर्मास दोघांनी जेवण काढलं. चकतीचं एक तंत्र असतं, दुसरा उचलत असताना फिरवायची नाही, ते आमच्या नवऱ्याला शेवटपर्यंत जमलं नाही. शेवटी वांग्याची एक फोड उरली आणि ती चकतीवर दहा मिनिटं गोल गोल फिरत राहिली, कुणी घेईना, हे मात्र थेट आपल्यासारखंच.

बिलाच्या वेळी चेंगडूकर हात धुऊन येते म्हणाली, आणि आम्ही सगळे इतके बावळट की कुणालाच कळलं नाही. परत आली तेव्हा पैसे देऊन झालेले. कोल्हापूरकर खवळला, "असं चालत न्हाई," वगैरे. आम्ही इथे सगळे स्प्लिटवाइजवर, म्हणजे खर्च वाटून घ्यायच्या ॲपवर, जगणारे, चहाचे साडेतीन डॉलरसुद्धा त्यात टाकतो, आम्हाला हे उमगायलाच वेळ लागतो. ती म्हणाली, पुढच्या वेळी तू. नवरा म्हणाला, पुढच्या वेळी घरी.

म्हणून या शनिवारी घरी. आईने येताना फडक्यात बांधून तिरफळं आणली होती, फ्रोजन बांगडे मिळाले, ओलं खोबरं, मिरच्या, सोलं, बास, तिरफळं ठेचून वरून. चेंगडूकरने पातेल्यावरचं झाकण काढून वास घेतला आणि किती तरी वेळ ते धरूनच उभी राहिली. आईने सगळ्यांना डावाने वाढलं, रीतसर, डाव ताटाला न टेकवता. मी वेगळी वाटी, चमचे सगळं ठेवलं होतं. पण चेंगडूकर स्वतःच्या चॉपस्टिक्स घेऊन आलेली. तिने तिच्या ताटातला बांगडा फोडला, एक घास खाल्ला, मान हलवली, आणि मग त्याच चॉपस्टिक्सनी पोटाकडचा मोठा तुकडा काटा काढून आईच्या ताटात ठेवला.

मी आईकडे बघितलं. आईने तुकड्याकडे बघितलं. मग तिचं लक्ष चेंगडूकरच्या तोंडाकडे गेलं आणि ती घाईघाईने मला म्हणाली, "अगं, सांग तिला, तिरफळं बाजूला काढायची असतात, चावायची नसतात." तोवर तिने चावलेलं होतं.